विश्वास कमरेत असतो: कयाक, खाडी आणि रोजचं जगणं

खाडीपलीकडची

कयाकमध्ये पहिल्यांदा बसलेल्या माणसाला लाट बुडवत नाही, त्याचं आखडलेलं अंग बुडवतं. बाजूनं लाट आली की तो कंबर आवळतो, खांदे कानापर्यंत नेतो आणि पॅडल पाण्याबाहेर उचलून छातीशी धरतो. तिथं होडी आणि माणूस मिळून एक ठोकळा होतो. होडी कलेल तेवढाच तोही कलणार, आणि एकदा डोकं होडीच्या कडेबाहेर गेलं की पुढचं सगळं आपोआप होतं. कंबर सैल सोडली तर होडी लाटेबरोबर खालच्या खाली डोलत राहते आणि वरचं धड सरळ राहतं. शिकवणारा कुठलाही माणूस पहिल्या दिवशी हेच सांगतो: कंबर सोडा, पॅडल पाण्यात ठेवा, नजर लांब ठेवा. घाबरलेला माणूस या तिन्हीच्या नेमकं उलट वागतो.

मी वसईची, कॅथलिक. विश्वास म्हणजे काहीतरी घट्ट धरून ठेवणं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. प्रवचनात ऐकलं तेही तसंच, घरात सांगितलं तेही तसंच. नायगाव आणि पाणजू बेटाच्या मधल्या पाण्यात कयाक चालवायला लागल्यापासून मात्र मला पक्कं वाटतं की आवळलेली मूठ भीतीची असते. भरवसा असलेलं अंग सैल असतं.

मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून बघा. वादळ उठलंय, लाटा होडीत शिरतायत, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. आपण 'वाऱ्याला धमकावलं' या चमत्काराकडे लगेच धावतो. मी आता त्या झोपेपाशी थांबते. होडीत कोळी होते, जन्म त्या गालीलच्या तळ्यावर गेलेले. कौशल्यात ते कुठंच कमी नव्हते, तरी गळ्याशी आलेल्या पाण्यानं त्यांचा धीर सुटला. झोपलेल्या माणसाचं अंग मात्र होडी हलेल तसं हलतं. 'अजून तुम्हाला विश्वास नाही काय?' हा त्याचा प्रश्न मला पूर्वी रागावल्यासारखा वाटायचा. आता वाटतं, तो त्यांच्या आखडलेल्या खांद्यांकडे बघून विचारत असावा.

हे सगळं घरात कुठं येतं ते सांगते. आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि गिळण्यावरही परिणाम झाला. तिला भरवायची एक पद्धत आहे: पाठ ताठ, हनुवटी किंचित छातीकडे, अर्धाच चमचा, आणि गळ्यावर घोट खाली गेल्याचं दिसेपर्यंत दुसरा चमचा उचलायचा नाही. पातळ चहासुद्धा दाट करून द्यावा लागतो, नाहीतर तो श्वासनलिकेत उतरतो. वाटीभर पेजेला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मी आतून आवळलेली असले तर तिला ते हाताच्या चमच्यातून कळतं. ती तोंड मिटून घेते. मी खांदे सोडले की पाच मिनिटांनी तीही सोडते. हे कोणी मला पुस्तकातून समजावलं असतं तर पटलं नसतं. होडीनं ते आधी अंगाला शिकवलं, मग मनाला.

दुसरी गोष्ट ब्रेसची. कयाक एका बाजूला कलंडायला लागली की त्याच बाजूला पॅडलचं पातं पाण्यावर आडवं टेकवायचं, त्याच्यावर भार द्यायचा आणि त्या क्षणात कमरेच्या झटक्यानं होडी आपल्या खाली परत ओढून घ्यायची. ज्या बाजूला आपण पडतोय त्याच बाजूच्या पाण्यावर टेकायचं! सुरुवातीला हात धजत नाही. पण पाणी आधार देतं. तो क्षणभराचाच असतो. त्यावर रेलून बसलात तर पातं खाली बुडतं. आधार घ्यायचा, उठायचं, पुढच्या लाटेला पुन्हा घ्यायचा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही प्रार्थना आठवड्याची भाकर मागत नाही, आजची मागते. रानात देवानं रोज दिलेलं अन्न, मान्ना, तोसुद्धा दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे (निर्गम १६). मी सकाळची जपमाळ म्हणते ती आता अशीच म्हणते. एक दशक, म्हणजे दहा मणी, झालं, टेकले, उठले.

इथं कयाक, होडी, डोंगर, शेत, स्वयंपाकघर, कुठूनही श्रद्धेबद्दल काही गवसलेल्या लोकांनी लिहावं. ख्रिस्तीच असायला हवं असं अजिबात नाही.

नगरी_मास्तर

ताई, वाचून दोनदा थांबलो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या शास्त्रपाठाला हे सांगणार आहे, तुमची हरकत नसावी.

फक्त एक. आमच्या दक्षिण नगरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. आमची माणसं लाटेला भीत नाहीत, कोरड्या विहिरीला भितात. तिथं कंबर सैल सोडणं म्हणजे काय, हे मी आठवडाभर डोक्यात घोळवतोय. उत्तर मला बायबलात, प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ मध्ये मिळालं. प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेताना क्रेतजवळ ईशान्येचा वारा सुटला आणि गलबत चौदा रात्री भरकटलं. खलाशांनी बुडीद (खोली मोजायची वजन बांधलेली दोरी) टाकून बघितली, वीस वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप) पाणी भरलं, थोडं पुढं पंधरा. खडकावर आदळू म्हणून मागून चार नांगर टाकले आणि उजाडायची वाट बघत बसले. त्या अवस्थेत पौल काय करतो? सगळ्यांना सांगतो, चौदा दिवस तुम्ही उपाशी आहात, काहीतरी खाऊन घ्या. स्वतः भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो, खातो. गलबतावर २७६ जण होते. त्याचं बघून बाकीच्यांना धीर आला, त्यांनीही खाल्लं.

आणि गलबत शेवटी फुटलंच. सगळे वाचतील हे देवानं पौलाला दिलेलं वचन माणसांसाठी होतं, गलबतासाठी नव्हतं. पोहता येणारे पोहत गेले, बाकीचे फळ्यांवर आणि गलबताच्या तुकड्यांवर तरंगत किनाऱ्याला लागले. आमच्या मंडळीतल्या एकाची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली. झाडं उपटून जाळावी लागली. तो तीन रविवार उपासनेला आला नाही. चौथ्या रविवारी आला तेव्हा मी त्याच्यासाठी हाच अध्याय वाचला. बाग परत येईल असं मी त्याला सांगितलं नाही, कारण तसं वचन मला कुठं सापडत नाही. जेवण करून घे म्हणालो आणि त्याच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर जेवलो.

मुक्ता_ठाणे

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतेय. एक शंका आहे, राग मानू नका. 'कंबर सोडा, भरवसा ठेवा' असं म्हणत कोणी लाइफ जॅकेट न घालता पाण्यात उतरलं तर? माझ्या माहेरच्या एका घरात 'देव बघून घेईल' म्हणून साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि पाय कापायची वेळ आली. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हतं, म्हणजे हा एकाच धर्माचा प्रश्न नाही. पण विश्वास आणि निष्काळजीपणा यांच्यातली रेघ तुम्ही कुठं ओढता?

कुंडलिका_काठ

मुक्ताताईंचा प्रश्न मला रोज पडतो, कारण माझं पोट राफ्टिंग आणि कयाकवर आहे. धर्मानं मी हिंदू, कोलाडकडचा. मला शास्त्र सांगता येणार नाही, नदी सांगता येईल.

नदीत भरवसा ठेवायचा तो पाण्याचे नियम शिकून. तीन गोष्टी सांगतो.

प्रवाहात खडकावर होडी आडवी गेली तर माणूस खडकापासून लांब, म्हणजे वरच्या पाण्याकडे झुकतो. तो झुकला की पाणी होडीच्या वरच्या कडेवर चढतं, होडी उलटते आणि खडकाला चिकटून बसते. आम्ही ओरडून सांगतो: खडकाकडे झुका, त्याला मिठी मारा! ज्याची भीती वाटते त्याच्या अंगावर जायचं. खाडीपलीकडच्या ताई म्हणतात तेच.

दुसरी, नदी ओलांडणं. समोरच्या काठाकडे सरळ नाक करून कितीही जोर लावा, पाणी तुम्हाला खालीच घेऊन जाणार. त्याऐवजी नाक वरच्या दिशेला ठेवायचं, थोडंसं तिरकं, आणि बेतानं वल्हवत राहायचं. प्रवाहच होडीला आडवी पलीकडे ढकलतो. याला आम्ही फेरी म्हणतो. कोन चुकला तर ताकद वाया, कोन बसला तर लहान पोरगंही पार होतं.

तिसरी गोष्ट ताईंच्या म्हणण्याच्या उलट जाईल, पण ती सांगितलीच पाहिजे. बंधारा. नदीभर आडवा, बुटका, वरून पाणी पडतंय आणि दिसायला काहीच भीतिदायक नाही. त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि जे आत गेलं ते परत परत भिंतीकडे ओढलं जातं. तिथं कंबर सैल असो की घट्ट, काही उपयोग नाही. तिथं जायचंच नाही. आधी काठावर उतरायचं, होडी खांद्यावर घ्यायची, चालत खाली जायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांचंही तसंच, पाणी आरपार जातं आणि माणूस अडकतो.

आणखी एक, तुमच्या विषयाला धरून आहे म्हणून लिहितो. एप्रिल-मे मध्ये आसपासच्या नद्या कोरड्या पडतात, तेव्हाही कुंडलिकेला पाणी असतं. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यांतून भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज करून नदीत सुटतं. आम्ही सकाळी काठावर होड्या मांडून त्या पाण्याची वाट बघतो. ते आमच्या हातात नसतं. पाणी आलं की आधी खडकांचा आवाज बदलतो, मग रंग बदलतो. तेव्हा होडी तयार नसेल तर त्या दिवसाचा धंदा गेला.

नगरी_मास्तर

कुंडलिकाभाऊ, तुम्हाला शास्त्र येत नाही म्हणता आणि कृपेवरचं अख्खं प्रवचन चार ओळींत देऊन मोकळे झालात. पाणी वरून सुटतं, आपल्या कमाईचं नसतं, आपलं काम होडी मांडून तयार राहण्याचं.

मावळ_मुळशी

एक नम्र भर घालतो. मुळशीचं ते पाणी असंच सुटलेलं नाही. धरणासाठी आमच्या खोऱ्यातल्या जमिनी गेल्या, १९२१ मध्ये सेनापती बापट आणि भुस्कुटे यांच्या पुढाकारानं सत्याग्रह झाला, आणि शेवटी धरण झालंच. माझ्या पणजोबांचं शेत त्या पाण्याखाली आहे. १९२७ पासून भिऱ्याला वीज होतेय. कोलाडच्या पोरांना त्यातून काम मिळतं याचा आनंदच आहे. पण 'वरून फुकट येतं' म्हणताना वर कोणाचं काय गेलं हे कोणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिलं.

खाडीपलीकडची

मुळशीकर दादा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये असं मला वाटतं. आमच्या श्रद्धेतही कृपा घेणाऱ्याला फुकट आहे, देणाऱ्याला नाही. पवित्र शुक्रवारी आम्ही क्रूसाच्या पायाशी जातो ते हेच आठवायला. पण एक फरक मी झाकणार नाही: ख्रिस्तानं स्वतःहून दिलं, तुमच्या पणजोबांकडून घेतलं गेलं. दोन्हींना एकच नाव देणं अन्याय होईल. कुंडलिकेवर उतरताना यापुढं तुमचं शेत माझ्या प्रार्थनेत असेल.

मुक्ता, तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. सैतानानं येशूला मंदिराच्या टोकावर नेलं आणि म्हणाला, उडी टाक, देवदूत झेलतील. त्यासाठी त्यानं स्तोत्रातलं वचनही दिलं. येशू म्हणाला, देवाची परीक्षा पाहू नको. मत्तय ४. माझ्यासाठी रेघ तिथं आहे. साखरेच्या गोळ्या बंद करणं म्हणजे मंदिरावरून उडी टाकणं. लाइफ जॅकेट, शिट्टी, भरतीचं वेळापत्रक, आईच्या रक्तदाबाची गोळी, हे सगळं देवानंच माणसाच्या बुद्धीतून दिलेलं आहे, आणि ते नाकारून त्याच्याकडे वेगळी खास वागणूक मागायची हा उर्मटपणा आहे. कुंडलिकाभाऊंचा बंधारा मला फार पटला. मोहांबद्दल आमचे जुने फादर हेच सांगायचे, की काही ठिकाणी लढायला जायचं नसतं, होडी खांद्यावर घेऊन काठानं जायचं असतं. दारू सुटलेल्या माणसाला 'गुत्त्यात जाऊन बस आणि विश्वासानं टिकून दाखव' असं कोणी सांगत नाही.

आणि फेरीचं! मी कितीतरी संध्याकाळी सरळ समोरच्या काठाकडे नाक करून जीव काढलाय. आईच्या आजारात भावाशी खर्चावरून बोलणं व्हायचं तेव्हा तसंच. आता मी बोलण्याचा कोन धरते. आधी त्याची अडचण ऐकते, ती खरीच असते, मग माझं बोलते. तोच प्रवाह मला पलीकडे नेतो.

अश्दोदची_आजी

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, मूळ अलिबागकडचे. मी ज्यू आहे, त्यामुळे तुमच्या शुभवर्तमानाबद्दल मी काही म्हणणार नाही, पण ते गालीलचं तळं माझ्या नातवंडांच्या सहलीचं तळं आहे, म्हणून लिहिते.

आम्ही त्याला किनेरेत म्हणतो. ते समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे, लांबी २१ किलोमीटरच्या आसपास, रुंदी जास्तीत जास्त १३. चारी बाजूंनी डोंगर. उन्हाळ्यात सकाळी पाणी निपचित पडलेलं असतं. दुपारी भूमध्य समुद्राकडून आलेला वारा पश्चिमेच्या डोंगरांवरून त्या खोलगट जागेत कोसळतो, आणि बघता बघता लाटा उठतात. हिवाळ्यात पूर्वेचा वारा आला तर आणखी वाईट. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा तळ्यात कसलं वादळ? त्या कोळ्यांची भीती खोटी नव्हती, एवढंच सांगायचं आहे.

१९८६ मध्ये दुष्काळानं पाणी खूप खाली गेलं तेव्हा काठावरच्या गिनोसारजवळच्या दोन मच्छीमार भावांना चिखलात एक जुनी होडी सापडली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराची. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी सव्वादोनच्या थोडी वर. लाकूड इतकं भिजलेलं होतं की उचलली तर मोडली असती. म्हणून तिला फोममध्ये गुंडाळून पाण्यावर तरंगतच हलवली, मग कित्येक वर्षं मेणासारख्या द्रावणात ठेवली. आता तिथल्या यिगाल आलोन केंद्रात आहे. मी तिच्याजवळ बराच वेळ उभी होते. तिच्यात दहा-बारा जातींचं लाकूड आहे. जिथं फळी कुजली तिथं मिळेल ती दुसरी बसवलेली, कुठं जुन्या होडीची काढून लावलेली. गरीब माणसांची होडी आहे ती. पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरलेली.

आमच्यातही पाण्याची एक गोष्ट आहे. पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावला पुरलं, असं आजी सांगायची. जे वाचले त्यांच्याजवळ पोथ्या नव्हत्या, सगळं पाण्यात गेलं. तरी त्यांनी शनिवार पाळला. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावानं आम्हाला शनिवार तेली म्हटलं. नगरच्या मास्तरांनी फळ्यांवरून किनाऱ्याला लागलेल्या माणसांचं लिहिलं आणि मला आजी आठवली.

पंचहौद_पुणे

आजी, तुमची पोस्ट मी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

माझा अनुभव लहान आहे. गोव्यात साळ नदीवर आम्ही नवरा-बायको दोघांच्या कयाकमध्ये बसलो. लग्नाआधी पाळकांनी आम्हाला चार बैठका घेऊन समजावलं होतं, त्यातलं बरंचसं त्या होडीत कळलं. पुढं बसणारा लय ठरवतो, मागचा दिशा सांभाळतो. पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्यानं पुढच्याच्या लयीतच वल्हं टाकायचं, नाहीतर पाती एकमेकांवर आपटतात. आणि होडी वाकडी गेली की दोघांना खात्रीनं वाटतं, समोरच्याचंच चुकलं. मग जागा बदलून बघितल्या. यांना तेव्हा कळलं की पुढं बसणाऱ्याला सगळं पाणी दिसतं, पण वळवणं त्याच्या हाती नसतं. 'एकमेकांच्या अधीन असा' हे इफिस ५ मधलं वचन आमच्या लग्नात वाचलं होतं. ते दोघांसाठी आहे, हे त्या दिवशी यांनी स्वतःहून म्हटलं.

किल्लाबंदरचा

मी कोळी, वसईचाच, ताईंचा शेजारी म्हणायला हरकत नाही. सगळं वाचलं, आवडलं. पण माझं मन एका ठिकाणी अडतं. कयाक हौसेनं पाण्यात जाते. ढग दिसला तर परत फिरता. माझा बाप हौसेनं जात नव्हता. येशूचा शिष्य पेत्र, तोही जात नव्हता. लूक ५ मध्ये ते रात्रभर राबून काही न मिळता जाळी धूत बसलेत. रिकामं जाळं धुणं म्हणजे काय हे कोळ्याला विचारा. मासा आला असता तर त्या कामाला थकवा नसतो. रिकामं जाळंही तेवढंच घाण होतं, तेवढंच फाटतं, आणि तेवढंच धुवावं, शिवावं लागतं. येशू त्या वेळी त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, होडी जरा काठापासून लोट, मला बसून बोलायचंय. आधी त्यांची रिकामी होडी मागितली त्यानं. मासे नंतर.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते ६१ दिवस आमच्याकडे घराघरांत जाळी विणायचं, शिवायचं काम चालतं. बाप जाळं विणताना जपमाळ म्हणायचा, बोटं सुईवर असायची म्हणून मणी नाही, गाठी मोजायचा. मोसम सुरू व्हायच्या आधी फादर येऊन होड्यांना आशीर्वाद देतात. त्याच होडीला नारळी पौर्णिमेचा नारळही पाण्यात सोडणारे शेजारी आहेत. समुद्र सगळ्यांचा एकच.

आता खाडीबद्दल, कारण इथं वाचून नवी मंडळी उतरतील. भरती-ओहोटी एकसारखी चालत नाही. सहा तासांत पहिल्या आणि शेवटच्या तासाला पाणी हळू, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. तेव्हा खाडीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, तेव्हा आणखी जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी हलतं. नवशिक्यानं भांगालाच यावं, आणि भरती चढत असताना. म्हणजे दमलात तरी पाणी तुम्हाला आत आणेल, बाहेर समुद्रात नेणार नाही. सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो, दुपारी खारा वारा फिरतो. ओहोटीचं पाणी बाहेर चाललंय आणि वारा आत येतोय, असं झालं की खाडीच्या तोंडाशी लाट उभी राहते. त्या वेळी आम्हीही सांभाळून जातो.

खाडीपलीकडची

दादा, रिकाम्या होडीचं जे तुम्ही सांगितलंत ते मी अजून कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही. हौस आणि पोट यातला फरक तुम्ही म्हणता तो मान्य. मी परत फिरू शकते. पण घरात नाही फिरू शकत. आईच्या बिछान्यापाशी मी तुमच्या बाबांच्या बाजूची आहे, आणि तिथं मला गाठी मोजत विणणंच जमवायचंय.

मार्क ४ मध्येच एक बारीक वाक्य आहे, ते मी वर लिहायचं ठेवलं होतं: त्याच्याबरोबर दुसरेही मचवे होते. त्या मचव्यांत कोण होतं ते शास्त्र सांगत नाही. येशू त्यांच्यात नव्हता, त्यांनी त्याला उठवलंही नाही. पण वारा पडला तेव्हा तो त्यांच्यासाठीही पडला. आजी, मुक्ता, कुंडलिकाभाऊ, मुळशीचे दादा, हा धागा वाचताना मला सारखे ते मचवे दिसतायत.

मुक्ता_ठाणे

ताई, उत्तर मिळालं. आणि आता यायचंय. पण मला पोहता येत नाही, उलटले तर आत अडकेन याचीच भीती वाटते. मार्ग आहे का?

कुंडलिका_काठ

ताईंच्या आधी मीच सांगतो, हे माझं रोजचं काम आहे.

खाडीसाठी वरून उघडी कयाक घ्यायची, जिच्यावर बसतात, जिच्या आत पाय घालत नाहीत. ती उलटली तर माणूस सरळ बाहेर पडतो, अडकायला काही नसतं. बंद कयाकवर कमरेभोवती कापडी झाकण असतं, ते पुढची पट्टी ओढून सोडवायला शिकल्याशिवाय त्या होडीत बसायचं नाही.

पडलात तर पहिलं काम होडी धरून ठेवणं, पॅडल नंतर. होडी सुलटी करायची, मधल्या भागाशी यायचं, पाय मागं पसरून पाण्यात मारायचे आणि पोटावर होडीवर चढायचं. मग कूस बदलून बसायचं, मग पाय आत. घाईत गुडघा आधी टेकवला की होडी परत उलटते. हे उतरण्याआधी कंबरभर पाण्यात, जाणत्या माणसाबरोबर करून घ्यायचं, म्हणजे भीती निम्मी होते.

लाइफ जॅकेट तुमच्या वजनाचं, आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं. आधी बाजूचे पट्टे खालून वर आवळा, खांद्याचे शेवटी. मग दुसऱ्या कोणाला तरी खांद्यांशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर आलं तर ते मोठं आहे, बदलून मागा.